सालकिनने दिरांचं नाव घेतलं

किर्गिझस्तानातल्या तोक्तोगुल गावच्या सालकिनने सासरी आल्यापासून थोरल्या दिरांचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. सुनेने ते काढायचंच नसतं. नाव बोलोत, म्हणजे पोलाद. म्हणून ही बाई पोलादालासुद्धा 'कडक लोखंड' म्हणायची. आणि धंदा कसला, तर टॅक्सीचा! नवरा रशियात बांधकामावर गेल्यापासून ती घाटातून बिश्केकपर्यंत उतारू नेत होती.

दिरांच्या पोटात ते दुखत होतंच. त्यात गाडी चढावर अडू लागली. इंजिन नुसतं ओरडे, चाकं हलेनात. त्यांनी निकाल देऊन टाकला.

"गिअरबॉक्स संपला. उद्या गिऱ्हाईक आणतो. विकून टाक, आणि घरी बसून घोडीच्या दुधाचं कुमिस घुसळ."

संपला कसला! त्याआधी त्यांनीच तर गिअरबॉक्सचं ऑइल तपासलं होतं. जन्म ट्रकवर गेलेला माणूस. इंजिन बंद करून, गाडी थंड करून तपासायची सवय. या ऑटोमॅटिक गाडीला ऑइल मोजायची पट्टीच नाही; इंजिन चालू असताना ऑइल खालच्या बोल्टाच्या भोकापर्यंत आलं, की माप बरोबर. त्यांनी बंद गाडीचाच तो बोल्ट उघडला, ऑइल भळाभळा आलं, आणि जास्त झालंय म्हणत त्यांनी ते खुशाल वाहू दिलं. इंजिन बंद असलं की वर फिरणारं ऑइलही खाली उतरतं, हे सालकिन सांगायला गेली, तर म्हणाले, "सुनेने शिकवू नये." तेव्हा ती गप्प बसली. आता बसणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या ओट्यावर चढवून सपाट उभी केली. इंजिन चालू ठेवलं, दांडा सगळ्या गिअरांतून फिरवून पार्किंगला आणला आणि खाली शिरली. गिअरबॉक्सच्या तळाला हात लावून पाहिला. कोमट, हवा तसा. बोल्ट काढला, तर थेंबही नाही. हातपंपाने ती त्याच भोकातून नवं ऑइल भरू लागली.

तेवढ्यात दीर गिऱ्हाइकाला घेऊन हजर.

"वेड लागलं का गं? चालू इंजिनाखाली? थांब, बंद करतो!"

त्यांनी गाडीचं दार उघडलं. इंजिन बंद झालं असतं तर सगळं माप पुन्हा खोटं ठरलं असतं.

"बोलोत! किल्लीला हात लावाल तर बघा!"

पलीकडे मध विकणारी म्हातारीसुद्धा उठून उभी राहिली.

"काय म्हणालीस?" दीर गाडीखाली वाकले.

"बोलोत म्हणाले. पुन्हा म्हणू?"

किल्ली जागची हलली नाही. भोकातून ऑइल ओघळलं, बारीक धार लागली, धार तुटून थेंबांवर आली. सालकिनने बोल्ट आवळला, ऑइलने माखलेल्या हातांनीच स्टिअरिंग धरलं आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत गाडी चढावर नेली. गाडी कुरकुर न करता चढली.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "दादाचं नाव घेतलंस म्हणे? चारचौघांत?"

"घेतलं," सालकिन म्हणाली. "गाडी माझी, तोंडही माझंच."