कोमान्चेरोच्या घरचा भोपळा

अमेरिकेतल्या पेकोस नदीकाठच्या अँतोन चिको गावातला एवारिस्तो पिकं घरात आली की खेचरांवर कडक भाजलेला पाव, पीठ, तंबाखू लादायचा आणि पूर्वेच्या मैदानावर कोमान्चे टोळ्यांच्या लोकांकडे जायचा. येताना गव्यांची कातडी आणायचा. गाईंमागे जाणारा तो वाकेरो, तसा कोमान्च्यांकडे जाणारा तो कोमान्चेरो. गावाच्या लेखी शब्दाचा अर्थ एवढाच. पण सान्ता फे शहरात अमेरिकेची गोरी फौज आली आणि तिच्या तोंडी त्याच शब्दाचा अर्थ चोर असा झाला.

पोरगी रुपेर्ता अशाच एका खेपेत आलेली. कोमान्च्यांनी ती कुणाची, कुठून धरून आणलेली, देव जाणे. एवारिस्तोने सगळा पाव आणि वर एकुलतं धडधाकट खेचर देऊन तिला सोडवलं. बायको आधी खेचरासाठी रडली, मग पोरीला आंघोळ घालायला घेऊन गेली.

ती पोर लग्नाची झाली. सान्ता फेचा दुकानदार तिबुर्सिओ मुलासाठी मागणी घालून गेला आणि आज उत्तर ऐकायला आला. नकार तिथे तोंडाने देत नाहीत, पाहुण्याच्या हाती भोपळा देतात. एवारिस्तोला तर होकारच द्यायचा होता. आपल्यामागे तिला कुणी विकत आणलेली म्हणू नये, याचीच त्याला काळजी होती.

"एक सांगतो, राग मानू नका," तिबुर्सिओ म्हणाला. "लग्नात कुणी विचारलं तर व्यापारी म्हणा. कोमान्चेरो नको. साहेबलोक येणार आहेत."

"पीठ विकतो म्हणजे व्यापारीच की."

"आणि मैदानात कधी गेलोच नाही म्हणा."

एवारिस्तोने मांडीवरची टोपी एकदा फिरवली.

"बरं," तो म्हणाला. "नाही गेलो."

दारात उभी असलेली रुपेर्ता आत गेली. बियाण्यासाठी राखलेला भलामोठा भोपळा उचलून आणला आणि तिबुर्सिओच्या मांडीवर ठेवला.

"हे काय गं, पोरी?" तिबुर्सिओ चाचरला.

"बाबा मैदानात गेलेच नाहीत, तर मी या घरात आले कुठून?" ती म्हणाली. "नसलेली पोरगी तुम्ही सून करून नेणार कशी?"

तिबुर्सिओ भोपळ्यासकट गाडीत बसून गेला. असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं. पोरीला चांगलं झापायचं ठरवून एवारिस्तो उठला. ती परातीत पीठ घेऊन पुढच्या खेपेच्या पावासाठी मळायला बसली होती.

"बियाण्याचा होता तो," एवढंच त्याला बोलता आलं. मग डोळे पुसत तो तिच्यासमोर बसला आणि ती मळताना हलू नये म्हणून परात घट्ट धरून राहिला.