सातव्या गाण्याची पेटी

उमापूरच्या बसथांब्यामागे स्पीकर दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दुरुस्त केलेली प्रत्येक पेटी तो एकाच अल्बमवर तपासायचा. एका परदेशी रॉक गिटारवाल्यानं बँड सोडून एकट्यानं केलेला तो अल्बम. एका गाण्यात गिटारचा धिंगाणा, दुसऱ्यात व्हायोलिन, तिसऱ्यात नुसते ढोल. सातव्यात तो कानाशी बोलल्यासारखा गातो. समीक्षकांच्या मते त्यात एकसंधता नाही, हे मी त्याला विद्वत्तेनं ऐकवलं.

"बरंच हाय की. सगळे आवाज एकदाच तपासता येतेत."

निवडणुकीत एक कार्यकर्ता सभेची पेटी न्यायला आला. सहा गाणी दणक्यात वाजली. सातव्याला आवाज जरासा चिरकला. दुरुस्तीवाल्यानं पुन्हा स्क्रू उघडायला घेतले.

"राहू दे बे! लई मोठी वाजायली की."

"मोठी कोणतीबी वाजती. हळू बोललेलं फुटाया नको."

"सायेब हळू कावून बोलतील? दे, न्हाईतर एकबी पेटी येणार न्हाई तुझ्याकडं."

दुरुस्त पेटीवर तो पांढऱ्या रंगानं आपला मोबाइल नंबर लिहायचा. तेवढीच त्याची जाहिरात. या वेळी त्यानं ब्रश उचललाच नाही.

"नंबर टाक की."

"ही झाली न्हाई अजून. न्या तशीच."

त्या निवडणुकीत त्याच्याकडे सभेची दुसरी पेटी आली नाही. एके दिवशी त्यानं मी दुरुस्तीला दिलेला छोटा स्पीकर जोडला आणि सातवं गाणं शेवटपर्यंत लावलं. त्या अल्बमबद्दल मी बरंच वाचलं होतं. नीट ऐकला मात्र तिथे, पहिल्यांदा.