भावाचे उपचार

शेजारच्या लहान मुलीवर अत्याचार केल्याबद्दल माझ्या थोरल्या भावाला शिक्षा झाली, तेव्हा आमचं घर काळेवाडीत होतं. त्या मुलीच्या घरची माणसं तिथलीच, जुनी. ती हलली नाहीत. आम्हीच आईला पुनावळ्याला आणलं, माझ्या सासरच्या जवळ.

शिक्षा भोगून तो परत आला तो देवाधर्माचा होऊन. तुरुंगात सुतारकाम शिकला होता, पहाटे उठून प्राणायाम करायचा. केल्या गुन्ह्याबद्दल तिथं कुणी तुझ्याशी बोललं का, असं मी विचारलं. म्हणाला, तिथं तो विषय कुणी काढत नाही, काढला तर मार बसतो. आई मात्र पोरगा सुधारला म्हणून सगळ्यांना सांगत सुटली. माझ्या नवऱ्याने एकच अट घातली, त्याने आपल्या घरी यायचं नाही, आपल्याला मुलगी आहे. अट रास्त होती. तरी मला नवऱ्याचा राग आला.

मी डॉक्टर शोधू लागले. एकाने झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसरीकडे, कशासाठी यायचंय हे कळल्यावर माझा फोनच उचलेनात. शेवटी ताथवड्यात मानसोपचार करणाऱ्या एक बाई भेटल्या. पांढरे केस, बोलणं कोरडं. त्यांनी आधीच सांगितलं, "हा बरा झाला असं सर्टिफिकेट मी कधीच देणार नाही. पुन्हा असं करू नये म्हणून काय करायचं, तेवढं बघू." लहान मुलांबरोबर त्याने कधी एकटं थांबायचं नाही, मन भरकटलं तर लगेच सांगायचं आणि घरच्यांनी काही लपवायचं नाही, हे त्यांचे नियम.

एकदा त्यांनी आईला आणि मलाही बोलावलं. आई म्हणाली, पोराच्या हातून चूक झाली. भाऊही तेच म्हणाला, झालं. पुढे कितीतरी दिवस तो 'झालं'च म्हणत राहिला, जसा काही अपघात. मग एका शनिवारी बाईंकडे, माझ्यासमोर, खाली मान घालून म्हणाला, "मी केलं. ती मला काका म्हणायची, विश्वास ठेवायची. त्याचाच मी फायदा घेतला."

हे ऐकलं की मन हलकं होईल, असं मी धरून चालले होते. मी बाहेर जाऊन ओकले.

त्यानंतर आईने गुपचूप त्याचं लग्न ठरवत आणलं. बाई घटस्फोटित, चिंचवडला भावाकडे राहणारी, पदरात लहान मुलगी. आई म्हणे, आयतं लेकरू मिळेल. तिला सगळं तूच सांग, असं ताथवड्याच्या बाईंनी भावाला बजावलं. सांगतो म्हणाला आणि सांगितलं नाही. मग मी चिंचवडला गेले, सांगितलं. तिने लेकीला जवळ ओढून घेतलं. तुम्ही आलात ते बरं केलं, म्हणाली आणि दार लावलं.

सख्ख्या भावाचा संसार मोडलास, असं म्हणून आईने माझ्याशी बोलणं टाकलं. भावाने उपचारांसाठी बाईंकडे जाणं बंद केलं. खरं बोलून काय मिळालं, असं मलाच विचारलं. चिंचवडला खरं तो बोललाच नव्हता. बोलले होते मी.

आता तो चाकणला एका कंपनीत आहे, चार जणांत खोली करून राहतो. बाई म्हणतात, कधीही येऊ दे. मी रविवारी फोन करते, आजूबाजूला मुलं आहेत का विचारते, तो फोन कापतो. आई त्याला लाडू पाठवते.

मध्यंतरी काळेवाडीच्या भाजीबाजारात त्या मुलीची आई भेटली. मी वळून जाणार होते, तिनेच थांबवलं. भावाचे उपचार चालू होते हे तिच्या कानावर गेलं होतं. आवाज न चढवता ती म्हणाली, "त्याला डॉक्टर मिळाला व्हय? माझी पोर कालिजात जाती आता. अजून आतनं कडी लावल्याबगर झोपत न्हाई. तिला काय हाय, हे आजवर कुनी इचारलं न्हाई."

मी त्या बाईंचा नंबर देऊ केला.

"त्याच्याच डॉक्टरकडं धाडू?" ती म्हणाली.

तिने मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि पुढच्या गाड्यावर भाव विचारायला गेली. मी नंबर काढलेला फोन हातात धरून उभी होते.