फुलोऱ्यातली करंजी

बोरगाव मेघेची उज्वला एका शाळेत लिपिक होती. खपून तिनं वीस किलो वजन उतरवलं, तेव्हा शाळेनं शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार केला. वर्षभरात निम्मं वजन परत आलं आणि सत्कार करणारेच तिच्या डब्यात डोकावू लागले. ती मोजकंच जेवत होती. भूक मात्र आता पूर्वीपेक्षा जास्त छळत होती.

"हवा खाऊन कोनी फुगते का वं?" सासू इंदिराबाई विचारत.

सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. अंगातली चरबी लेप्टिन नावाच्या हार्मोनमधून मेंदूला कळवत असते, की साठा पुरेसा आहे. चरबी घटली, लेप्टिन घटलं. मेंदूला दुष्काळ पडल्यासारखं वाटलं, त्यानं शरीराचा ऊर्जेचा खर्चही आखडला. जठरातलं भूक चेतवणारं घ्रेलिनही वाढलं. "हा हावरटपणा नव्हे," बाई म्हणाल्या.

ते वाक्य उज्वलानं जपून घरी आणलं.

"म्हंजे भूक तुह्या हातात नाई, असंच ना?" नवरा श्रीधर म्हणाला.

घरानं आपल्यावर विश्वास ठेवला, असं समजून तिनं आनंदानं मान हलवली.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. त्यांच्या माथ्यावर टांगायचा करंज्या-पापड्यांचा फुलोरा लग्न झाल्यापासून उज्वलाच तळत आली होती, तोही उपाशीपोटी. नैवेद्याआधी जिभेला काही लावायचं नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी फुलोऱ्यातली एक करंजी दिसेना. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, पण सगळ्यांच्या नजरा एकीकडेच वळल्या.

"मी नाई घेतली, आई. देवीसमोर सांगते."

इंदिराबाईंचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला. "मी कुठं रागावून राह्यली? डॉक्टरीनच म्हने ना, भूक तुह्या हातात नाई. बिमारीच हाय तुले."

"आई, त्याचा अर्थ असा नाई..."

"हार्मोनचा प्रॉब्लेम आहे तिचा," श्रीधरनं पाहुण्यांना समजावलं.

धाकटी जाऊ भावना तिच्या हातातला झारा काढून घेत म्हणाली, "तुमी बाहेर बसा ताई. कढईजवळ तुमाले त्रास होईन."

आरती झाली. पहिल्या पंगतीत, पुरुषांच्याही आधी, उज्वलाचं पान वाढलं गेलं. सकाळपासून तिच्या पोटात आग पडली होती. न जेवावं तर पोट आधीच भरलंय, म्हणजे चोरी कबूल. जेवावं तर आजार सिद्ध. तिनं पुरणपोळीचा घास मोडला.

"वाढा, तिले अजून वाढा," कुणीतरी कळवळून म्हणालं.