काका व्ह्यूफाइंडरमध्ये होते

कॅमेरावाल्यांनो, आज माझं डोकंच बंद पडलंय.

सकाळी कोलशेतच्या खाडीवर गेलेलो. पक्षी फोटोत मोठे यावेत म्हणून क्रॉप मोड लावला, तो तसाच राहिला. दुपारी आंबिवलीला बहिणीच्या साखरपुड्यात घरच्यांचा फोटो काढला. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळे दिसतात, पण फोटो आतल्या बारीक चौकटीपुरताच येतो. ती चौकट मी बघितलीच नाही रे.

बाबांशी बारा वर्षं न बोललेले काका आज आलेले. कडेला उभे राहून मस्त हसत होते. घरी येऊन बघतो तर बाबांच्या खांद्यावर त्यांचा नुसता हात!

आत्ताच काकांचा मेसेज आलाय: "फोटो पाठव. मी नीट आलोय ना?"

काय लिहू?