भाऊजींच्या संगणकातली बिऱ्हाडं

एका छपराखाली चार बिऱ्हाडं भांडणाशिवाय नांदवून दाखवणारा माणूस या भूतलावर एकच, आणि तो म्हणजे माझ्या ताईचा नवरा, आमचे भिलाईचे भाऊजी. माणसांची बिऱ्हाडं नव्हेत हो! माणसांचं म्हणाल तर स्मृती नगरातल्या घराच्या वरच्या खोलीत त्यांनी एकही भाडेकरू टिकू दिला नाही. एक नळावरून गेला, दुसरा स्कूटर लावण्यावरून. ही बिऱ्हाडं त्यांच्या संगणकातली. भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, गुलाब लावतात. यांनी एका संगणकाच्या पोटात आणखी चार संगणक मांडले. खरे नव्हेत, सॉफ्टवेअरनं उभे केलेले. पण पडद्यावर प्रत्येकाची खिडकी वेगळी आणि प्रत्येक खिडकीत वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम. कुठं लिनक्स, कुठं नवं विंडोज, कुठं असलं जुनं विंडोज की बनवणारेही विसरले असतील. "घर एकच, पन चूल ज्याची त्याची अलग," ते मला समजावत. "एकाची चूल विझली, तर बाकीच्याईले धूरबी लागत नाही. कावून हासून राहिली तू? खरं सांगतो."

उभा जन्म शिफ्ट ड्यूटीत गेलेला. त्यामुळे सकाळच्या पाळीत लिनक्स, दुपारच्या पाळीत जुनं विंडोज, आणि पाळी बदलताना भाऊजी मोठ्यानं स्वतःचा चार्ज स्वतःलाच देत. मेमरीची वाटणी तर अशी, की पाहुण्याला दुसऱ्यांदा पोहे वाढतानासुद्धा माणूस इतका विचार करत नाही. "आज लिनक्सले काम जास्त आहे, त्याले थोडी वाढवून देल्ली," असं सांगताना त्यांच्या तोंडावर दानशूर कर्णाचं तेज असे. आणि बोलणं? बापरे! चहा मागायला तोंड उघडलं तरी बोलणं हार्ड डिस्कपर्यंत जाऊनच परत यायचं.

प्लांटमध्ये दुरुस्ती चालू असली की स्विचला लाल पाटी टांगतात, 'काम चालू आहे, स्विच लावू नये'. आणि ज्यानं टांगली त्यानंच ती काढायची, असा सक्त नियम. भाऊजींनी घरासाठी तशीच पुठ्ठ्याची पाटी केली होती. ऐन महालक्ष्म्यांच्या दिवशी संगणकात मेमरीची नवी पट्टी बसवायची लहर आली. प्लग काढला असता तरी पुरे होतं. पण यांनी घराचा मेन स्विच पाडला, त्यावर पाटी टांगली आणि पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, आणायला म्हणून दुर्गला निघाले. वाटेत पद्मनाभपुरात माझ्या घरी टेकले, ते गप्पांत रंगूनच गेले. इकडे मिक्सर बंद, पुरण वाटायचं राहिलेलं, नैवेद्य खोळंबलेला. ताईचा फोन आला तसं मी म्हटलं, "अगं, काढून फेक ती पाटी!" तर ताई म्हणाली, "नाही बाई, पाटी त्याइनं टांगली." प्लांटवाल्याची बायको ती! पाट्यावर पुरण वाटलं, पण स्विचला हात लावला नाही.

मग ताईला लकवा झाला. डोकं शाबूत, पण उजवा हात गेला आणि जीभ वळेना. घरभर तिचा आवाज असायचा, तो बंद झाला. मला तिच्याकडे बघवत नसे. मराठी मंडळाची सगळी आमंत्रणं वर्षानुवर्षं तिनंच टाइप केली होती, पण तिचा तो जुना संगणक कधीच जळला होता आणि त्यातला टायपिंगचा प्रोग्राम नव्या विंडोजवर चालत नव्हता, भाऊजींच्या खिडकीतल्या जुन्या विंडोजवरही नाही. पुण्याहून भाचा म्हणाला, "बाबा, आई को टॅब दे दो ना. इतना क्या झंझट!" टॅब आणला. त्यावर अक्षरांच्या जागाच निराळ्या. तिनं एक अक्षर दाबावं, दुसरंच उमटावं. दोन दिवसांत तिनं तो पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड करून रडली.

भाऊजींनी माळ्यावरून त्या जळक्या संगणकाची डिस्क काढली. ती बरी होती. तिच्यातलं सगळंच्या सगळं ते नव्या संगणकात एक वेगळी खिडकी करून उतरवू लागले. रोज मध्येच बंद पडून चुकीचा निळा पडदा येई, रोज ते पहिल्यापासून सुरू करत. अधूनमधून तिच्या पलंगाशी जाऊन म्हणत, "थांब थोडी, तुझं बिऱ्हाड लावून राहिलो." त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

एका सकाळी मी तिथंच होते. खिडकी उघडली, जुना पडदा, जुना प्रोग्राम, सगळं तसंच. खुर्चीत बसवल्याबरोबर ताईचा डावा हात आपसूक कीबोर्डवर गेला. कुठली कळ कुठं, हे तिला शोधावं लागलं नाही. आणि आमचे भाऊजी शेजारी उभे राहून सांगताहेत, की बाई, तुले सगळ्यात जास्त मेमरी देल्ली, लिनक्सची कापून देल्ली, आता कसं आहे की...

पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं. आम्ही दोघं वाकलो.

'जरा चूप बसा. मले बोलायचं आहे.'

भाऊजींनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग डोळे पुसत स्टूल ओढून तिच्याजवळ बसले, आणि खरंच चूप बसले.