एका विहिरीतली दोन कासवे

आधीच सांगते, माझे अक्षर चांगले नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही मी ज्वारीच्या कोठीमागे ठेवते. कोणाच्या हाती लागलीच, तर चुका पोटात घालाव्यात. मथाआत्याला जाऊन बरीच वर्षे झाली. तिला पाहिलेली माणसेही आता थोडीच उरली, म्हणून लिहिते आहे.

मथाआत्या ह्यांची आत्या. लहान वयात विधवा होऊन भावाच्या घरी परत आलेली. लग्न होऊन मी मोताळ्याजवळच्या ह्या गावी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पहिल्यांदा नीट पाहिले. मळ्यातल्या विहिरीच्या काठावर ती पालथी पडली होती आणि डोके आत घालून कोणाशी तरी बोलत होती. "काऊन बे म्हाताऱ्या, जेवला का? कालचं वांगं तसंच पडून हाय. रुसला का?" मला वाटले, आत माणूस पडले. मी ओरडणार, तेवढ्यात तिने मान वर काढली.

"वरडू नको, बाई. आपलं कासव हाय. घरात नवी सून आली म्हनून सांगून राह्यली होती त्याले."

आमच्याकडे विहिरीत कासव सोडायची रीत आहे. ते किडे, शेवाळ, मेलेले बेडूक खाते आणि पाणी चांगले राहते. आमचे कासव आजेसासऱ्यांनी सोडलेले. आत्या त्याला म्हाताराच म्हणायची आणि रोज दोराला टोपली बांधून घास सोडायची.

मळ्यातली वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन आत्या दर आठवड्याला मोताळ्याच्या बाजारात बसायची. तिचा विश्वास फक्त तागडीवर. महाराष्ट्र झाला, त्या सुमारास किलोची मापे आली. गिऱ्हाइकाला ती किलोने देई, पण मनातल्या मनात शेरातच मोजी. "किलो सरकारचा, शेर माहा," म्हणायची. माझा पहिला मुलगा बारा दिवसांचा असताना तिने त्याला एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात वांगी घातली आणि घरभर सांगितले, "पोरगं चांगलं हाय. सव्वा टोपली भरलं." कोणी भांडत आले, की तिचे एकच उत्तर असे. "तोंड काईबी म्हनते. तागडीले इचारा."

सासरे गेले आणि दुसऱ्याच वर्षी दोघा भावांची वाटणी झाली. शेतात बांध पडला. बैल, भांडी, कडब्याची गंजी, सगळे निम्मे निम्मे झाले. विहीर तेवढी सामायिक राहिली, एक दिवस त्यांची पाळी, एक दिवस आमची. सगळे उठत होते, तेवढ्यात माझे भासरे, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, हसत हसत बोलून गेले, "कासव मात्र माह्या बाजूच्या कपारीत राहते. ते माह्यं."

हे हसले नाहीत. घरी येऊन मला म्हणाले, "विहीर दोघायची अन् कासव त्याच्या एकट्याचं? आज कासव म्हनते, उद्या विहीर म्हनन." आठ दिवसांत ह्यांनी नळगंगेच्या डोहातून एक दांडगे कासव गोणपाटात घालून आणले आणि विहिरीत सोडले. "आता आपलंबी हाय," म्हणाले.

गावाला गंमत झाली. "चला, म्हाताऱ्याचा जोडा जमला," असे जो तो म्हणे. शेजारची एक बाई मुद्दाम विहिरीत डोकावून म्हणाली, "आता पिल्लायची वाटनी कशी करसान वो?" सगळ्या हसल्या. आत्या तेवढी हसली नाही. नव्याला तिने पाहुणा नाव दिले. "पाहुणा आला खरा. पन तो घरधन्याचं ताट वढते का काय, ते पाह्यलं पाह्यजे," म्हणाली.

पंधरा दिवसांत तिला दिसू लागले. टोपली खाली गेली की पाहुणा आधी येई. म्हातारा दगडावर चढून बसे, तो पाण्यात उतरतच नसे. त्याच्या मागच्या पायाला चावल्याची जखम झाली होती. आत्याने दोघा भावांना वेगवेगळे गाठून सांगितले.

"खेळत असतीन, आत्या," भासरे म्हणाले.

"ते म्हातारं झालं. त्याचं वयच झालं," हे म्हणाले.

दोघांपैकी कोणी आपले कासव काढायला तयार नव्हते. जो काढील, त्याने विहिरीवरचा हक्क सोडला असे झाले असते. आणि दोघांच्या परवानगीशिवाय आत्याला हात लावता येत नव्हता. तिकडे म्हातारा वाळत चालला होता.

मग आत्याने तिचे काम सुरू केले. दर बाजाराच्या दिवशी सकाळी ती विहिरीच्या पायऱ्या उतरून खाली जाई, एकेक कासव टोपलीत घाली आणि मी दोर वर ओढी. काठावर तागडी मांडलेली असे. ती वजन सांगे, मी घरातल्या एका जुन्या वहीत लिही. पाहुणा पारड्याच्या दोरीलाच चावायला जायचा. "बस ना बे, तुले इकून नाई राह्यली मी," आत्या त्याला दटावायची. म्हाताऱ्यापुढे वर काढल्यावर घास ठेवला तरी तो मान बाहेर काढत नसे. दोघांना पुन्हा आत सोडताना आत्याचे तोंड उतरून जाई.

असे नऊ बाजार झाले. दहाव्या बाजाराच्या दिवशी सकाळी भासऱ्यांची पाळी संपून आमची सुरू होत होती. दोघे भाऊ विहिरीवर होते, जाऊबाईही होत्या. आत्याने मला हाक मारली, "वही आन, बाई. वाचून दाखव."

भासऱ्यांसमोर सुनेने बोलायची आमच्याकडे रीत नाही. सहा वर्षांत मी त्यांच्यापुढे एक शब्द काढला नव्हता. आणि वहीत जे होते, ते ह्यांच्याच कासवाच्या विरुद्ध होते. मी पदर ओढून मागे सरले.

आत्या हळूच म्हणाली, "तुले बोल कोन म्हनते? वाच. वाचनं म्हंजे बोलनं नाई."

मी विहिरीकडे तोंड केले आणि वाचू लागले. "पहिला बाजार. म्हातारा दोन शेर. पाहुणा अडीच शेर." पाचव्या बाजाराला माझा आवाज विहिरीत घुमून मलाच परत ऐकू आला. "नववा बाजार. म्हातारा पावणेदोन शेर. पाहुणा पावणेतीन शेर." मोट थांबली होती.

"म्हंजे माह्यंच वाईट?" शेवटी हे म्हणाले.

"वाईट कोनीच नाई, लहान्या," आत्या म्हणाली. "तुमी दोघं वाईट हात का? मीच न्हाऊ घातलं दोघायले. पन बाप गेल्यावर एका चुलीवर एक वर्स निभलं नाई तुमचं. दोन चुली झाल्या तवा आता बांधावर उभं राहून बोलता तरी. मानसाले वाटनी लागते, अन् कासवाले लागत नाई?"

जाऊबाई पदरात तोंड घालून हसल्या. भासरे म्हणाले, "मंग एक नदीत नेऊन सोड."

"कोनाचं?" ह्यांनी लगेच विचारले.

"कोनाचंबी नाई," आत्या म्हणाली. तिने हे आधीच ठरवलेले दिसत होते. "बांधावर हौद बांधा. मोटेचं पानी आधी हौदात पडन, तिथून दोघायच्या पाटात जाईन. पाहुणा हौदात राहीन. विहीर दोघायची, हौद दोघायचा, अन् दोनी कासवं माह्यी."

गवंडी, दगड, चुना धरून एकशेवीस रुपये लागणार होते. दोघांकडेही नव्हते. आत्याने बाजारातून साठवलेले पैसे लुगड्याच्या घडीतून काढून समोर ठेवले. पण अट घातली. "फुकट नाई देऊन राह्यली. दोघायनं दर बाजारी एक-एक रुपया माह्या दुकानावर आनून द्याचा. दोघं संग याचं. एकटा आला तं मी घेनार नाई."

हौद झाला. पाहुणा त्यात ऐटीत फिरू लागला. विहिरीत म्हातारा दुसऱ्याच आठवड्यात दगडावरून उतरला आणि टोपलीशी आला. तिसऱ्या महिन्यात तागडीवर तो पुन्हा दोन शेर भरला. आत्याने मला पुन्हा वाचायला लावले, ह्या वेळी मोठ्याने.

"अन् पाहुण्याचं किती झालं?" भासऱ्यांनी विचारले.

"तीन शेर," मी म्हटले. म्हटल्यावर कळले, की मी त्यांच्याशी बोलले. ते खाली पाहून हसले आणि म्हणाले, "लय खाते बुवा." घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

पहिले काही बाजार हे पुढे चालत आणि भासरे शंभर पावले मागून. एकदा ह्यांना ताप होता म्हणून भासरे एकटेच गेले. आत्याने दोन्ही रुपये त्यांच्या हातावर परत ठेवले. "लहान्या बरा झाला की या." तो बाजार धरलाच नाही. पावसाळ्यानंतर दोघे एकाच गाडीत बसून जाऊ लागले. गाडीत काय बोलत, ते मला ठाऊक नाही. पण येताना दोघांच्या मुलांसाठी फुटाण्याची पुडी एकच असे.

साठाव्या बाजाराला आत्याने मला आणि जाऊबाईंनाही बरोबर नेले. दोघा भावांनी शेवटचे दोन रुपये तिच्या पोत्यावर, मिरच्यांच्या ढिगाशेजारी ठेवले. तिने ते उचलून कपाळाला लावले. मग मान ताठ करून शेजारच्या दुकानवालीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाहून घे वो बाई, माह्ये पोट्टे! एकशेवीसचे एकशेवीस. फिटले."